फ्रेंच इमर्शनचा पहिला सप्टेंबर: त्या फिरत्या मेसेजला उत्तर

ऑगस्ट उजाडला की टोरांटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागाकडच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: "मुलांना फ्रेंच इमर्शनमध्ये घालू नका. टीचर इंग्रजीचा एक शब्द बोलत नाहीत, मूल पहिले तीन महिने नुसतं बसून राहतं. घरी मराठी, बाहेर इंग्रजी, त्यात तिसरी भाषा आली की डोक्यात खिचडी होते. घालायचंच असेल तर आधी घरातलं मराठी बंद करा. इंग्रजी कायमचं कच्चं राहतं. आपल्याला फ्रेंच येत नाही, मग अभ्यास कोण घेणार? मूल जरा मागे असेल तर हा वर्ग त्याचा नाहीच. आणि इतकं करून बारावीनंतरही कुणाला धड फ्रेंच बोलता येत नाही."

माझी मुलगी इमर्शनमध्ये शिकते. या मेसेजपायी दरवर्षी ओळखीतलं एखादं तरी घर ऑक्टोबरच्या आत मुलाला इंग्रजी वर्गात हलवतं. काही घरं त्याहून वाईट करतात, मुलाशी मराठी बोलणं थांबवतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडी ओळख. इमर्शन म्हणजे फ्रेंच शाळा नव्हे. फ्रेंच मातृभाषा असलेल्या कुटुंबांसाठी क्यूबेक या फ्रेंचभाषक प्रांताबाहेरही वेगळ्या फ्रेंच शाळा असतात, कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतल्या कलम २३ने तो हक्क दिला आहे. इमर्शन हा मात्र इंग्रजी बोर्डाच्या सरकारी शाळेतला, फी नसलेला वर्ग. गणितासारखे विषयसुद्धा तिथे फ्रेंचमधून शिकवले जाऊ शकतात. ओंटारिओत, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथे, इमर्शनच्या मुलाला आठवीअखेर फ्रेंचमधून किमान ३,८०० तास शिक्षण मिळावं असा नियम आहे. साध्या वर्गातल्या मुलाला फ्रेंच हा विषय ६०० तास मिळतो. टोरांटोच्या सरकारी बोर्डात सुरुवात सीनियर किंडरगार्टनला (पहिलीच्या आधीच्या वर्षी) होते, शेजारच्या पीलमध्ये (ब्रॅम्प्टन, मिसिसागाकडच्या भागात) पहिलीला.

आता पहिला मुद्दा, मूल तीन महिने नुसतं बसून राहतं हा. सगळ्यात जास्त घाबरवतो तो हाच, आणि सगळ्यात चुकीचाही हाच आहे.

हा वर्ग मुळात फ्रेंचचा एकही शब्द न येणाऱ्या मुलांसाठीच आखलेला असतो. सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेच्या सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा पहिल्या आठवड्यात मदाम (टीचरना मुलं हेच म्हणतात) व्याकरण शिकवत बसत नाहीत. दप्तर कुठे टांगायचं, रांग कशी लावायची, स्नॅक कधी खायचा, हात कधी धुवायचे, हे चाललेलं असतं. मुलाला या गोष्टी आधीच्या वर्गापासून माहीत असतात, नवे असतात ते फक्त शब्द. "आसेये-वू" म्हणताना मदाम स्वतः बसून दाखवतात, "लवे ला मँ" म्हणताना स्वतःचा हात वर करतात. दिवसभरात काय काय आहे याची चित्रं फळ्यावर ओळीने लावलेली असतात. रोज सकाळी तेच गाणं, तोच वार-तारखेचा तक्ता, बाहेर ऊन आहे की पाऊस हा तोच प्रश्न. रोज त्याच वेळी तेच वाक्य कानावर पडलं की पाच-सहा वर्षांच्या मुलाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

आणि मूल गप्प बसतं असं कोण म्हणतं? सुरुवातीला मुलं इंग्रजीत उत्तर देतात आणि ते चालतं. मूल "आय नीड अ पेन्सिल" म्हणालं की मदाम तेच वाक्य फ्रेंचमध्ये म्हणून पेन्सिल देतात. "एस्क झ पो आले ओ त्वालेत?", म्हणजे बाथरूमला जाऊ का, हे बहुतेक मुलांचं पहिलं पूर्ण वाक्य, कारण गरजच तशी असते. मूल पडलं, लागलं, रडू आवरेना, तर मदाम इंग्रजीत बोलतात. त्या दोन्ही भाषा जाणणाऱ्या शिक्षिका आहेत, दगड नाहीत. काही मुलं खरंच बरेच आठवडे फ्रेंचमध्ये तोंड उघडत नाहीत. पण ती ऐकत असतात, सूचना समजून वागत असतात. घरातलं तान्हं बाळही वर्षभर मराठी नुसतं ऐकतं आणि मग बोलतं, तेव्हा आपण डॉक्टरकडे धावत नाही.

या मुद्द्यात खरी गोष्ट एकच आहे: थकवा. दिवसभर नव्या भाषेकडे कान लावून बसणं दमवणारं असतं. सप्टेंबरमध्ये ही मुलं घरी येऊन क्षुल्लक कारणावरून रडतात, चिडतात, जेवायला नको म्हणतात. त्यावर उपाय आहे. त्या महिन्यात संध्याकाळचे पोहण्याचे, तबल्याचे, अबॅकसचे क्लास लावू नका. लवकर झोपवा. आणि दारातून आत आल्या आल्या "आज काय शिकलास, फ्रेंचमध्ये बोलून दाखव" असं पाहुण्यांसमोर तर मुळीच म्हणू नका. मुलाच्या तोंडून शब्द आपोआप येतात, बहुधा आंघोळ करताना किंवा गाडीच्या मागच्या सीटवर, आणि तेव्हा ते अडवायचे नसतात की सुधारायचे नसतात.

दुसरा मुद्दा डोक्यातल्या खिचडीचा. तो मराठी माणसाने मांडावा याचं मला वाईट वाटतं. बेळगावातली मुलं घरी मराठी आणि गल्लीत कन्नड बोलत मोठी होतात, शाळेत इंग्रजी येते ती वेगळीच. बडोद्याच्या, इंदूरच्या, हैदराबादच्या मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलं आहे. एका वाक्यात दोन भाषांचे शब्द येणं म्हणजे गोंधळ नव्हे. भाषा मिसळणारं तेच मूल आजीशी एका भाषेत आणि शेजारच्या मित्राशी दुसऱ्या भाषेत अचूक बोलतं.

टोरांटो विद्यापीठातले जिम कमिन्स १९७०च्या दशकापासून सांगत आले आहेत की एका भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत कामी येते. गोष्टीचा क्रम लक्षात ठेवणं, कारण सांगणं, अक्षर आणि आवाज यांचं नातं कळणं, हे प्रत्येक भाषेत नव्याने शिकावं लागत नाही. १९९०मध्ये मेरिल स्वेन, शॅरन लॅपकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोरांटोमधल्या आठवीच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्रेंच आणि इंग्रजीतून शिकणाऱ्या या मुलांपैकी ज्यांना घरची तिसरी भाषा लिहिता-वाचता येत होती, त्यांचं फ्रेंच सरस निघालं. घरची भाषा नुसती बोलता येण्यापेक्षा ती वाचता-लिहिता येण्याचा फायदा मोठा होता. म्हणजे मेसेज सांगतो त्याच्या बरोबर उलट. मराठी बंद करायचं नाही. शनिवारची मराठी शाळा असेल तर ती चालू ठेवायची, नसेल तर रात्री एक मराठी गोष्ट वाचून दाखवायची आणि हळूहळू बाराखडी हातात द्यायची.

आपल्या मुलांना काही गोष्टी तर घरूनच मिळालेल्या असतात. फ्रेंचमधले त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून उच्चारतात. फक्त इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला ते जमवावं लागतं, मराठी मुलाच्या जिभेला सवय असते. टेबल-खुर्चीलाही लिंग असतं हे ऐकून इंग्रजीभाषक मूल चक्रावतं. तो टेबल की ते टेबल यावर घरातल्या घरात वाद ऐकलेल्या मुलाला त्यात नवल वाटत नाही. आणि समजा यातला काहीच फायदा झाला नसता, तरी आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलण्याची भाषा शाळेच्या एका वर्गासाठी मुलाकडून काढून घेणं मला मान्य झालं नसतं.

तिसरा मुद्दा, इंग्रजी कायमचं कच्चं राहण्याचा. पहिला इमर्शन वर्ग सप्टेंबर १९६५मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावात सुरू झाला, तेव्हा तिथल्या पालकांनाही हीच काळजी होती. म्हणूनच मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी त्या मुलांची वर्षानुवर्षं चाचणी घेतली आणि १९७२मध्ये निष्कर्ष छापले. सुरुवातीच्या वर्षांत मुलं इंग्रजी वाचन-लेखनात मागे होती, कारण ते त्यांना शिकवलंच जात नव्हतं. इंग्रजी विषय सुरू झाल्यावर ती लवकरच बरोबरीला आली. पुढे कॅनडाभर झालेल्या अभ्यासांतही असंच चित्र दिसत राहिलं. टोरांटोत इमर्शनच्या मुलांना इंग्रजी विषय चौथीत सुरू होतो. त्यामुळे दुसरीतल्या मुलाचं इंग्रजी स्पेलिंग चुकलं तर तो ठरलेल्या क्रमाचाच भाग आहे. इंग्रजी वर्गातल्या चुलत भावाशी त्याची तुलना त्या वयात करणं अन्यायाचं आहे. मैदानावर, टीव्हीवर, दुकानात, मित्रांच्या वाढदिवसाला, इंग्रजी तर त्याला चहूबाजूंनी मिळतच असते.

"आपल्याला फ्रेंच येत नाही, अभ्यास कोण घेणार?" याचं उत्तर त्याच गावात आहे. सेंट लँबर्टमध्ये हा वर्ग मागून घेतला तो इंग्रजीभाषक पालकांनी, आपल्याला न येणारी फ्रेंच निदान मुलांना यावी म्हणून. घरी फ्रेंच नाही हे गृहीत धरूनच ही पद्धत उभी राहिली. २०२१च्या जनगणनेनुसार क्यूबेकबाहेर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही येणारे लोक १०० मागे १०सुद्धा नाहीत. फ्रेंच येणारे आईबाप ही अट असती तर हे वर्ग भरलेच नसते. शाळेची पत्रं, प्रगतिपुस्तकाच्या भेटी, सगळं पालकांशी इंग्रजीत होतं. पहिलीत घरी येते ती छोटी वाचन-पुस्तिका आणि आठवड्याचे काही शब्द. आपण शेजारी बसायचं आणि मुलाला मोठ्याने वाचू द्यायचं, एवढंच. उच्चार दुरुस्त करायला जाऊ नका. नववी-दहावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलेल्या आपल्यासारख्यांनी तर विशेष जपायला हवं, कारण आपल्याला क्रियापदांचे तक्ते आठवतात, आवाज आठवत नाहीत. कानांसाठी ओंटारिओची सरकारी फ्रेंच वाहिनी टीएफओ आहे, वाचनालयात फ्रेंच चित्रपुस्तकं आहेत. गणित मराठीत समजावलं तरी चालतं, बेरीज बदलत नाही.

पाचवा मुद्दा मागे पडणाऱ्या मुलाचा. इथे मला सर्वात जास्त तळमळ वाटते. मॅकगिलचे फ्रेड जेनेसी आणि मॅगी ब्रक यांनी १९७० आणि ८०च्या दशकांत अभ्यासात कच्च्या आणि भाषेची अडचण असलेल्या मुलांकडे नेमकं पाहिलं. तशीच अडचण असलेल्या, इंग्रजी वर्गातल्या मुलांपेक्षा ही मुलं इंग्रजीत मागे नव्हती, आणि वर फ्रेंच शिकली होती. वर्ग बदलल्याने अडचण जात नाही, ती मुलाबरोबर नव्या वर्गात जाते.

पण मदत मिळायला हवी, आणि काही शाळांत इमर्शनच्या मुलांना विशेष साहाय्य कमी मिळतं हे खरं आहे. "इंग्रजी वर्गात टाका" हा सोपा सल्ला काही वेळा शाळाच देते. तेव्हा नाव नोंदवताना स्पष्ट विचारा: वाचनाची अडचण आली तर या वर्गात कोण मदत करतं, आठवड्यातून किती वेळा? एक गोष्ट पालकांनीच पाहायची असते. अडचण फक्त फ्रेंचमध्ये आणि फक्त पहिल्या महिन्यांत असेल तर थांबा. तीच अडचण मराठीतही असेल, म्हणजे मुलाला घरातली साधी गोष्ट सांगता येत नाही, सूचना लक्षात राहत नाहीत, हाक ऐकू येत नाही असं वाटतं, तर थांबू नका. कान आणि भाषा दोन्ही तपासून घ्या, मग वर्ग कोणताही असो.

राहिला शेवटचा मुद्दा, धड फ्रेंच येत नाही हा. यात तथ्य आहे. इमर्शनच्या मुलांना ऐकलेलं-वाचलेलं उत्तम कळतं, पण बोलताना लिंग आणि क्रियापदांच्या चुका राहतात हे मेरिल स्वेन यांनीच १९८०च्या दशकात दाखवलं. शिक्षकांचा तुटवडाही खरा आहे. कॅनडाच्या अधिकृत भाषांच्या आयुक्तांच्या कार्यालयाने २०१९मध्ये त्यावर अहवाल काढला होता. तरी ३,८०० तासांचं फ्रेंच चुकतमाकत का होईना, जगाशी बोलतं. २०२३पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी एक्सप्रेस एन्ट्रीत (कॅनडात कायम राहण्यासाठीच्या अर्जांच्या व्यवस्थेत) वेगळे ड्रॉ, म्हणजे निवडीच्या फेऱ्या, निघू लागले. आपल्यातले किती तरी तिशीतले लोक रात्री नोकरीवरून येऊन टीईएफ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेसाठी पहिल्या धड्यापासून फ्रेंच शिकताहेत. ते किती कठीण जातं हे त्यांना विचारा.

निर्णय घेताना आणखी एक व्यवहाराची बाब लक्षात ठेवा. इंग्रजी वर्गाचं दार सहसा कधीही उघडं असतं. इमर्शन सोडल्यावर परत येणं बहुतेक ठिकाणी फार अवघड असतं. मूल रोज सकाळी पोट दुखतंय म्हणून शाळा टाळत असेल, झोप उडाली असेल, तर अर्थातच मदामशी लगेच बोला. नाहीतर निदान मार्च ब्रेकपर्यंत (मार्चमधल्या शाळेच्या सुट्टीपर्यंत) हा विषय घरात काढू नका. आणि नोव्हेंबरच्या सुमाराला पहिली पालकभेट होईल तेव्हा "तो फ्रेंच बोलतो का?" असं न विचारता हे विचारा: सांगितलेलं कळून तो वागतो का? मित्र झालेत का? गाण्यात सामील होतो का?