‘आमच्या वेळी डिप्रेशन नव्हतं’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

दहावी-बारावीचे निकाल तोंडावर आले की फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास उगवतो. मजकूर साधारण असा: आमच्या वेळी डिप्रेशन-बिप्रेशन काही नव्हतं. मास्तर छडीने फोडून काढायचे, घरी सांगितलं तर वडील आणखी दोन द्यायचे, तरी कुणी जिवाचं बरंवाईट केलं नाही. आजची पोरं लाडावलेली. त्यांच्याशी असल्या विषयांवर बोलूच नका, नसते विचार डोक्यात भरतात. मोबाईल काढून घ्या, पहाटे सूर्यनमस्कार घालायला लावा, काउन्सेलरची गरजच पडणार नाही. खाली जोडलेले हात आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

बऱ्याच जणांना पटतं, म्हणून हा खटाटोप.

‘आमच्या वेळी नव्हतं.’ ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे. ते काय शोभेला बांधलं होतं? ‘डोक्यावर परिणाम झालेला’ एखादा काका माडीवर कोंडलेला असायचा. निकालाच्या दिवशी एखादा मुलगा मुंबईची गाडी पकडून नाहीसा व्हायचा आणि घरचे ‘मामाकडे गेलाय’ म्हणून सांगायचे. शिवाय आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. पोलीस दारात नकोत म्हणून कितीतरी घरांनी ‘अपघात झाला’ एवढंच सांगितलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायला लावलं, आणि दंड संहितेच्या जागी २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते कलम आलंच नाही. आज निदान मोजदाद तरी होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत आणि त्यात आपलं राज्य सगळ्यात वर आहे.

‘मार खाऊन कणखर झालो.’ दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर हे लिहिणारे सगळे दहावीपर्यंत पोचलेले असतात. छडीच्या धसक्याने पाचवीतच शाळा सोडलेला पोरगा त्या ग्रुपवर नाही, त्याचं मत कोण विचारणार? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतली मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे, तेव्हा हा विषय इथेच सोडू.

‘लाडावलेली.’ क्लाससाठी लातूरला खोली करून राहणारं अकरावीचं एखादं पोर बघा. दोन वेळा मेसचा डबा, भिंतीवर सूत्रांचे कागद, टेस्ट झाली की मार्क आधी वडिलांच्या मोबाईलवर. २०२४ मध्ये मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, म्हणजे नीटला, २३ लाखांहून जास्त मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात मिळून सव्वा लाखही नव्हत्या. याला लाड म्हणायचे?

अपयश पचवता आलं पाहिजे, हे मात्र मला शंभर टक्के मान्य. पण ते येतं कसं? नापास झालेल्यांसाठी राज्य मंडळ निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षा घेतं, तिच्यात पास झालं तर वर्ष वाचतं. ही साधी माहिती निकालाच्या आदल्या रात्री किती घरांत मुलाला सांगितली जाते? त्याऐवजी ‘नापास झालास तर घरात पाऊल टाकू नकोस’ हे वाक्य ऐकू येतं. वडील ते गमतीत म्हणतात. मुलाला ती गंमत कळतेच असं नाही.

आता सगळ्यात घातक ओळ: ‘बोलूच नका.’ आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. उलट कुणीतरी विचारलं यानेच मूल मोकळं होतं. दर रविवारी रात्री पोट दुखणारी मुलगी घ्या. सोनोग्राफी नॉर्मल, गोळ्यांनी फरक नाही, आणि सोमवारी टेस्ट. तिला ‘सगळं ठीक ना?’ विचारलं तर ‘हो’ म्हणेल आणि विषय संपेल. शेजारी बसून विचारा: ‘खूप जड होतंय का गं? जगणं नकोसं वाटतं का कधी?’ आणि मग गप्प बसा. आपल्याकडे हे गप्प बसणंच जमत नाही. ‘आम्ही तुझ्यासाठी काय कमी केलं?’ हे वाक्य ओठांवर येतं, ते गिळा. उत्तर ‘हो’ आलं तर तिला एकटं सोडू नका आणि १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतूनही.

मोबाईलचं म्हणणं अर्धं खरं. झोपेचं खोबरं होतं, हे कुणीही मान्य करील. पण तो हिसकावून घेतला तर मूल ज्या दोन मित्रांशी बोलतं तेही तुटतात. रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत ठेवा, बाबांचाही. सूर्यनमस्कार जरूर घाला. पण दोन आठवडे जेवण-झोप उडाली असेल तर डॉक्टरच लागतो.

राहिला काउन्सेलर. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चारेक. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. पुढच्या पालकसभेत विचारा: आपल्याकडे कोण आहेत, कोणत्या वारी बसतात, आणि मुलाने सांगितलेलं वर्गशिक्षकांच्या कानावर जातं का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो, आम्ही लगेच कळवतो’ असं कौतुकाने सांगितलं गेलं, तर समुपदेशकाच्या खोलीकडे एकही मूल फिरकणार नाही.