पहिलं वाक्य खरं, पुढचे सल्ले खोटे

‘गरोदरपण हा आजार नाही, डॉक्टरांनी तो आजार करून ठेवलाय’ असा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. मला तो मामेबहिणीने पाठवला. तिला पाचवा महिना. खाली तिचा प्रश्न होता, “ताई, यातलं खरं किती?”

पहिला अर्धा भाग खरा आहे. पण त्याच्या आधारावर पुढे पाच सल्ले दिलेत, आणि गडबड तिथे आहे.

‘दोन जिवांचं खा.’ पोटातला दुसरा जीव सुरुवातीला तिळाएवढा असतो, त्याला ताट लागत नाही. पहिल्या तीन महिन्यांत जास्तीच्या उष्मांकांची जवळपास गरजच नसते. मधल्या तिमाहीत दिवसाला साधारण ३४० आणि शेवटच्या तिमाहीत ४५० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एखादं भरपेट मधलं खाणं. आधीचं वजन योग्य असेल तर नऊ महिन्यांत साडेअकरा ते सोळा किलो वाढ ठीक मानतात. दुप्पट जेवून वजन भरमसाट वाढतं आणि बाळंतपण अवघड होऊ शकतं.

‘लोहाच्या गोळ्यांनी बाळ फार मोठं होतं, त्या बंद करा.’ सगळ्यात जास्त नुकसान करणारी ओळ हीच. गरोदरपणात आईच्या शरीरातलं रक्त जवळपास निम्म्याने वाढतं. शिवाय बाळ आणि वार यांनाही लोह लागतं, आणि एवढं लोह नुसत्या जेवणातून मिळणं बहुतेकींना कठीण जातं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यायला सांगते. रक्त कमी असेल तर बाळ कमी वजनाचं किंवा वेळेआधी जन्मण्याची शक्यता वाढते, आणि बाळंतपणात रक्तस्राव झाला तर आईकडे तो सोसायला शिल्लकच नसते. बाळ अवाजवी मोठं होण्यामागे पुष्कळदा आईची वाढलेली रक्तशर्करा असते. साखरेचा आळ बिचाऱ्या गोळीवर आलाय.

बहिणीला व्हिडिओ कॉलवर पाकीट दाखवायला लावलं. दहातल्या दोनच गोळ्या गेल्या होत्या. खोदून विचारल्यावर कळलं, शी काळी झाली म्हणून ती घाबरली होती आणि मेसेजमुळे तिला गोळ्या सोडायला निमित्त मिळालं. गोळीतलं जे लोह अंगी लागत नाही ते बाहेर पडतं, त्याचा तो रंग. हे तिला गोळ्या देतानाच कुणीतरी सांगायला हवं होतं. मळमळत असेल तर गोळी थोडं खाऊन किंवा रात्री घ्यावी. चहा-कॉफी आणि कॅल्शियमची गोळी मात्र तिच्यासोबत नको. तरी त्रास होत असेल तर डॉक्टर प्रकार किंवा मात्रा बदलून देतात.

फॉलिक ॲसिडचं तर वेळेशीच नातं आहे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, आणि ती नीट मिटायला फॉलिक ॲसिड लागतं. तोवर कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून ही गोळी मूल हवं असं ठरलं की लगेच सुरू करायची असते.

‘सोनोग्राफीचे किरण घातक.’ किरण नाहीतच. त्या ध्वनिलहरी आहेत, एक्स-रेशी त्यांचा संबंध नाही. इयान डोनाल्ड यांनी ग्लासगोहून १९५८ साली हे तंत्र वैद्यकाच्या जगापुढे मांडलं, तेव्हापासून ते वापरात आहे. हौसेखातर पुन्हा पुन्हा करू नये, एवढंच.

‘पडून राहा.’ गुंतागुंत नसेल तर आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलंय. चालताना बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, एवढा जोर पुरे. रक्तस्राव होत असेल किंवा वार खाली असेल तर गोष्ट वेगळी. अशा वेळी आधी डॉक्टरांना विचारायचं.

‘त्रास नसेल तर तपासणी कशाला? पूर्वीच्या बायका कुठे जात होत्या?’ जात नव्हत्या, आणि पुष्कळ जणी दगावत होत्या. आजही दगावतात. २०२३ मध्ये जगभरात सुमारे २ लाख ६० हजार बायका गरोदरपणात आणि बाळंतपणाच्या कारणांनी गेल्या, आणि रक्तस्राव व वाढलेला रक्तदाब ही त्यातली मोठी कारणं. रक्तदाब १४०/९० वर गेला तरी अंगाला काही जाणवेलच असं नाही. पट्टा बांधला आणि लघवीत प्रथिनं तपासली की कळतं. गरोदरपणातला मधुमेहही असाच गुपचूप असतो, म्हणून २४ ते २८ आठवड्यांदरम्यान साखरेची चाचणी करतात. त्रास होत नाही तेव्हाच ही तपासणी उपयोगाची.

तपासणीची तारीख लांब असली तरी काही गोष्टींसाठी थांबायचं नाही. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, फासळ्यांखाली कळ, चेहरा-हात अचानक सुजणं, रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच दवाखाना. बहिणीला हे असंच लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं, “गोळी घेतली. आणि तो मेसेज जिच्याकडून आला होता, तिलाही हे पाठवलं.”