नव्या प्रॉपर्टी मॅनेजरास हिताच्या चार गोष्टी

लोअर परळच्या एखाद्या टॉवरवर प्रॉपर्टी मॅनेजर म्हणून आपली नेमणूक झाली असेल, तर प्रथम आपल्या हुद्द्याचे अभिनंदन, कारण कंपनीचे पैसे तोच वाचवणार आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामासाठी दुप्पट दराने वेतन सांगितले आहे. मात्र व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय पदांवरील माणसांना त्यातून वगळले आहे. म्हणूनच आपल्याकडे पंपाच्या वेळा वहीत लिहिणारा असिस्टंट मॅनेजर असतो, आणि ज्याच्या हाताखाली चिटपाखरूही नाही तो टीम लीडर असतो. वाद झालाच तर हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम पाहिले जाते, हे खरे. परंतु वाद घालायला वेळ लागतो आणि आपल्याला रात्रीची शेवटची विरार लोकल गाठायची असते.

जानेवारी आणि जुलै हे महिने विशेष जपावेत. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, म्हणजे आपला फॉर्म बी, वर्षातून या दोन वेळा द्यावे लागते. फायर पंप बिघडल्याचे आपण नोव्हेंबरातच मेलने कळवलेले असेल, कोटेशनही जोडले असेल, आणि साहेबांनी ते 'दर अजून खाली आणा' म्हणून दाबून ठेवले असेल. जानेवारीत एजन्सीने सही नाकारल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींसमोर साहेब आपल्याकडे वळून, अत्यंत दुःखी आवाजात, 'हे मला आधी का सांगितले नाही?' असे विचारतील. अशा वेळी तो मेल चुकूनही उघडू नये. मेल दाखवणाऱ्याची वृत्ती नकारात्मक असल्याचे वार्षिक मूल्यमापनात नोंदवले जाते, आणि खाली मान घालणारा पुढच्या वर्षीही खाली मान घालायला उपलब्ध असतो. (पंप पुढे दुरुस्त होतोच, प्रमाणपत्रासह फोटो साहेबांचा निघतो.)

पावसाळ्यात ऐन भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस पडून बेसमेंटमध्ये पाणी शिरले, तर गुडघाभर पाण्यात उभे राहून कंपनीचे चिन्ह दिसेल असा स्वतःचा फोटो प्रथम ग्रुपवर टाकावा आणि मगच पाणी उपसण्याच्या मागे लागावे, कारण ज्याचा फोटो नाही ते काम झालेले नसते. लोणावळ्याहून साहेबांचा अंगठा येईल. त्याखाली इतर साइटच्या मॅनेजरांनी पाठवलेल्या टाळ्याही मोजल्या जातात, म्हणून रात्री दोन वाजता जागे राहून आपणही इतरांना टाळ्या देत जाव्यात.

इतके करूनही नोकरी सोडावीशी वाटलीच, तर राजीनाम्यात कारण म्हणून 'वैयक्तिक' एवढेच लिहावे. दुसरे काही लिहिल्यास तो कागद एचआरमध्ये गहाळ होतो, आणि त्याच्याबरोबर फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशेबाचा, चेकही.