ऐंशी रुपयांच्या रबरानं मिरगाची वाट लावली

गेलं! पुन्हा ऑइल सील गेलं, फिरत्या शाफ्टभोवती बसून ऑइल आत अडवणारी रबराची रिंग! एका महिन्यात तिसरं. मिरग तोंडावर आलाय अन् माझा रोटाव्हेटर मिस्त्रीच्या दारात पाय वर करून पडलाय.

काल दोन एकर झालं नाही तोच मागं बघतो तर साइड गियरखालून धार. ९० नंबरचं ऑइल, परवाच भरलेलं, काळ्या मातीला पाजायलोय.

मोंढ्यात गेलो तर दुकानदार बसल्या जागेवरून विचारतो, "ओरिजनल देऊ का लोकल?" अरे बाबा, मागच्या वेळी ओरिजनल म्हणून जे गळ्यात मारलंस ते काय होतं? पत्र्याखालच्या फळीवर चार उन्हाळे खाऊन कडक झालेलं, वाकवलं की चिरा पडायल्या. वर म्हणतो, साइज सांगा. आतला, बाहेरचा अन् जाडीचा, तिन्ही आकडे मातीनं घासून गेलेत. कुंडली काढू का त्याची?

मग मिस्त्री. तोंडात गुटखा, हातात स्क्रूड्रायव्हर, अन् एकाच कडेला हातोडी. ठक ठक ठक. सील तिरपं. सीलच्या ओठाला, म्हंजे शाफ्टला टेकणाऱ्या आतल्या रबरी कडेला, जरा ग्रीस लावा म्हटलं तर, "काही होत नाही मालक." कोरडा ओठ फिरत्या शाफ्टवर घासला की जळणारच ना! अन् त्या ओठाला शाफ्टवर आवळून धरणारी बारीक स्प्रिंग? ठोकताना टुणकन उडाली, गेली कुठं तरी कोंबड्यांत.

"काही होत नाही" म्हणणाऱ्यांचा मला लई राग आहे. बोअरची मोटर भरणारा हेच म्हणला होता, आठ दिवसांत आत पाणी. गाडीचे शॉकअप गळायलेत, तिथंबी हेच. घरात कुकरची रिंग वाफ सोडती, पण ती बदलायचं माझ्याकडंच राहिलंय, म्हणून तो विषय सोडा.

आज खोललं तर सीलच्या ओठाखाली निळी नायलॉनची सुतळी घुसलेली. खताच्या पोत्याची. मीच कापून बांधावर फेकली होती. बायको म्हणली होती उचला, मी काय म्हणलो असंल ते सांगत नाही.

शाफ्टलाबी चर पडलाय, बोट फिरवलं की लागतो. कितीबी नवं सील घाला, चरातून ऑइल येणारच. चरावर स्लीव्ह, म्हंजे धातूची पातळ नळी, चढवा, असं मिस्त्री गेल्या सालीच बोलला होता म्हणं. बोलला असंल.

सध्या लेथवाल्याकडं नंबर लावून बसलोय. माझ्या पुढं सात जण. मिस्त्रीचा फोन आला होता, स्प्रिंग सापडली म्हणून.