कंपवात आणि ‘पूर्ण विश्रांती’चा तो फॉरवर्ड

गुहागरला काकूला फोन लावला की मागून काकांचा आवाज यायचाच, “त्याला सांग, फणस उतरवलेत.” काकांना कंपवात आहे, म्हणजे पार्किन्सन्स. गेले तीन आठवडे तो आवाज येत नाही. विचारलं तर काकू म्हणाली, “पडून असतात रे. वाडीच्या ग्रुपवर आलंय ना, हलू द्यायचं नाही म्हणून.”

मग तिने ते मला पाठवलं. वर ‘मोठ्या डॉक्टरांचा सल्ला’, खाली डॉक्टरचं नाव नाही. मजकूर थोडक्यात असा: पार्किन्सन्सच्या रुग्णाने व्यायाम केला की मेंदूतलं उरलंसुरलं डोपामिन (हालचालीसाठी लागणारं रसायन) खर्च होतं, तेव्हा पूर्ण विश्रांती द्या, कंप थांबेल. चारचौघांत नेऊ नका, लोक बघतात आणि कंप वाढतो. गोळ्यांची सवय लागते, त्याऐवजी खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण द्या. शेवटी हात जोडलेले.

डोपामिन खर्च होतं म्हणे! मेंदू म्हणजे मे महिन्यातली आमची विहीर नव्हे, चार कळशा उपसल्या की तळ दिसायला. या आजारात डोपामिन तयार करणाऱ्या पेशीच मरत जातात. माणूस अंगणात फेऱ्या मारतो म्हणून त्या मरत नाहीत.

आणि विश्रांतीने कंप थांबतो हे कोणी सांगितलं? पार्किन्सन्सचा कंप नेमका हात स्वस्थ असतानाच जास्त दिसतो. काकांचा उजवा हात मांडीवर थरथरतो, फणसाचे गरे काढताना बराच शांत असतो. म्हणजे हा सल्लागार कंपाला सगळ्यात सोयीची जागा करून देतोय.

आता व्यायामाचं. कॉक्रेन ही जगभरच्या वैद्यकीय चाचण्या चाळून निष्कर्ष काढणारी संस्था. तिने 2023 मध्ये पार्किन्सन्स आणि व्यायाम यांवरचा आढावा प्रसिद्ध केला. 150हून अधिक चाचण्या, जवळपास आठ हजार रुग्ण. चालणं, नाच, ताकदीचे व्यायाम, पाण्यातले व्यायाम असं सगळं तपासलं. बहुतेक प्रकारांनी हालचाल सुधारली आणि जगण्याची प्रतही सुधारली. अमुकच प्रकार हवा असंही फारसं दिसलं नाही. यातले बहुतेक रुग्ण सौम्य ते मध्यम अवस्थेतले होते, हे खरं. काकाही त्याच अवस्थेत आहेत. (पाण्यातल्या व्यायामाचा गुण चांगला दिसला म्हणून कोणी आपल्या म्हाताऱ्याला समुद्रात उतरवू नका. ते व्यायाम पोहण्याच्या तलावात, माणूस शेजारी उभा ठेवून करतात.)

पडण्याची भीती मात्र खोटी नाही. काकांचे पाय माजघराच्या उंबऱ्यापाशी जमिनीला चिकटल्यासारखे होतात. पण हाच माणूस घरामागची जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी सरळ चढतो! आम्हाला आधी ते सोंग वाटायचं, सांगायला लाज वाटते. दारात, अरुंद जागेत, वळताना पाय अडणं हे या आजाराचं लक्षणच आहे, आणि समोर पायऱ्या किंवा आडव्या रेघा दिसल्या की पुष्कळांना पाऊल सापडतं. फिजिओथेरपिस्ट जमिनीवर पट्ट्या चिकटवतात, तालावर चालायला लावतात, ते यासाठीच. उंबऱ्याअलीकडे पट्ट्या मारा, शेजारी कोणीतरी चाला. पडेल म्हणून झोपवून ठेवलेल्या माणसाचे पाय आणखी निकामी होतात आणि उठला की तो जास्त पडतो.

पण मला खरा राग आलाय तो ‘चारचौघांत नेऊ नका’चा. ताणाने कंप वाढतो, बरं, मान्य. पाहुण्यांसमोर काकांचा कप जास्त हलतो. तेवढा वेळच. या रुग्णांचं जगणं कसं चाललंय हे मोजायला डॉक्टर 39 प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. चालता येतं का, बटणं लावता येतात का, हे त्यात आहेच. शिवाय आजार लोकांपासून लपवावासा वाटला का, चारचौघांत खाणंपिणं टाळलंत का, एकटं वाटलं का, हेही विचारतात. म्हणजे जे घडलं तर रुग्णाचं नुकसान झालं असं धरतात, तेच हा फॉरवर्ड घरच्यांना करायला सांगतो. त्यात उदासी ही निव्वळ ‘मनाला लावून घेणं’ नसते, पुष्कळांच्या बाबतीत ती आजाराचाच भाग असते. अशा माणसाचं भजन बंद करायचं, पारावर जाणं बंद करायचं, आणि वर म्हणायचं की हल्ली ते बोलतच नाहीत.

खाजकुहिलीबद्दल अर्धं खरं बोललेत, नाइलाजाने कबूल करतो. तिच्या बियांत लेव्होडोपा, म्हणजे ज्यापासून मेंदूत डोपामिन बनतं ते द्रव्य, असतं आणि गोळीतही तेच असतं. पण गोळीत ते मोजून असतं, आणि मेंदूत पोचण्याआधी ते वाया जाऊ नये म्हणून सोबत कार्बिडोपासारखं दुसरं औषध असतं. चूर्णाच्या चमच्यात किती आलं हे कोण मोजणार? आणि गोळ्या एकदम थांबवल्या तर अंग ताठरून ताप चढू शकतो, जिवावर बेतू शकतं. काकूने गोळ्या बंद केल्या नव्हत्या, एवढं नशीब.

हे सगळं मी तिला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मग ग्रुपवर तूच टाक. माझं कोण ऐकतंय?” टाकलंय.

परवा एकादशीला शेजारचा मुलगा काकांना धरून देवळात घेऊन गेला. झांज तालात वाजली नाही, असं काकू म्हणाली. ती आजाराआधीही वाजत नसे.