खुलासा: नुसते खरे गिअर टाकून टॉप स्पीड जुळत नाही

वाशीतल्या आमच्या सिम (गाडी चालवायचे सिम्युलेटर गेम) खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'गेममध्ये खऱ्या गाडीचे गिअर रेशो टाका, टॉप स्पीड आपोआप जुळतो.' तसं नाही. रेशो फक्त इंजिनाचे फेरे आणि वेग यांची सांगड घालतात. टॉप गिअर ०.८, फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतर चाकांकडे जाताना लागणारा शेवटचा रेशो) ४, ६००० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) धरा: १८५/६५ आर१५ मापाच्या टायरवर हिशोब ताशी २२० किमीचा येतो, त्याहून लहान १७५/६५ आर१४ वर २०६. टायर विसरलात की गेलं! आणि हाही कागदावरचाच आकडा. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते; तिथं इंजिन दमलं की काटा आधीच थांबतो.

गिअर तपासायला पाम बीच रोडवर गाडी उधळायची गरज नाही. ताशी ६० किमीला पाचव्यात आरपीएम किती, ते शेजारी बसलेल्यानं टिपलं तरी पुरे; वेग, फेरे आणि टायरचं माप कळलं की रेशो निघतो.