यशयाचा उंबर आणि न्यूयॉर्कचं झाड

परवा रात्री साडेअकराला आईचा फोन. आवाज कापत होता. "नातीला न्यू जर्सीहून परत बोलव, यशयात सगळं लिहिलंय." चर्चच्या ग्रुपवरून तिला फॉरवर्ड आला होता: बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, ९:१० मध्ये (नववा अध्याय, दहावी ओळ), न्यूयॉर्कवरच्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याचं भाकीत आहे, अमेरिकेच्या पापामुळे देवाने संरक्षण काढलं, आणि आता उरलेला न्याय येतोय. ७४ वर्षांच्या बाईची झोप उडवणारं हे पाठवताना कुणी अख्खा अध्याय वाचला होता का?

मागची ओळ, ९:९, वाचा. तिथे नावं आहेत: एफ्राईम आणि शोमरोन. म्हणजे इस्राएलचं उत्तरेचं राज्य, जे इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूर साम्राज्याच्या हाती पडलं. विटा पडल्या तर घडीव चिरे लावू, उंबर तोडले तर गंधसरू लावू, ही ९:१० मधली ओळ म्हणजे त्या लोकांची घमेंड आहे. संदेष्टा ज्यांच्याशी बोलतोय त्यांची नावं घेऊन बोलतोय.

फॉरवर्डचा हुकमी एक्का म्हणजे झाड. हल्ल्यात न्यूयॉर्कच्या सेंट पॉल चॅपलजवळचं 'सिकमोर' पडलं आणि त्या जागी दुसरं लावलं, हे खरं. पण ते सिकमोर काश्मीरच्या चिनाराच्या नात्यातलं. यशयाचं झाड अंजीर-उंबराच्या कुळातलं, म्हणून तर आपल्या मराठी पवित्र शास्त्रात तिथे उंबर आहे. बायबलमधला आमोस संदेष्टा ज्यांची निगा राखायचा तीच ही झाडं. इंग्रजीत नावं जुळली म्हणून झाडं एक होत नाहीत. शिवाय नंतर लावलेला स्प्रूस, आणि यशयात गंधसरू. आणि 'घडीव चिरा' म्हणावा, तर पडलेल्या मनोऱ्यांच्या जागी २००४ मध्ये बसवलेला २० टनांचा ग्रॅनाइटचा दगड २००६ मध्ये तिथून हलवलासुद्धा.

एक गोष्ट मान्य करतो. अमेरिकेचे सिनेटर टॉम डॅशल यांनी हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, १२ सप्टेंबरला, ९:१० हीच ओळ वाचली होती. धीर द्यायला वाचली, निवड चुकली. चुकीच्या ठिकाणी वाचलेली ओळ भाकीत होत नाही.

पण मला खरा राग आहे तो मेलेल्यांना आरोपी करण्याचा. त्या दिवशी २,९७७ माणसं गेली, त्यांत ३४३ अग्निशमन दलाचे जवान, शिवाय उपाहारगृहातले आचारी, वाढपी. यांच्या माथी राष्ट्राचं पाप? यशयाची फिर्याद १०:१-२ मध्ये स्पष्ट आहे: अन्यायाचे कायदे करणारे, गरिबांचा हक्क हिरावणारे, विधवांना लुटणारे. ९:१६ म्हणते, वाटाड्यांनीच लोकांना बहकवलं. होय, ९:१७ मध्ये विधवा-अनाथांवरही दया नाही असं जळजळीत वाक्य आहे, ते मी लपवत नाही. पण दोष कुणापासून सुरू होतो ते यशया सांगतो. फॉरवर्ड तेवढंच गाळतो.

आणि 'न्याय टळणारच नाही' हेही खोटं. मीखा संदेष्ट्याने यरुशलेमचे ढिगारे होतील म्हटलं होतं. यहूदाचा राजा हिज्कीया देवाला शरण गेला आणि ते अरिष्ट टळलं. पुढे यिर्मया संदेष्ट्याचा जीव वाचवताना देशातल्या वडीलधाऱ्यांनी हीच आठवण दिली, यिर्मया २६:१८-१९.

आईला मी हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. नात परत येणार नाही, तिचं शिक्षण चालू आहे. ज्यांनी फॉरवर्ड पाठवला त्यांनी १०:१-२ त्याच ग्रुपवर, तितक्याच मोठ्या अक्षरात टाकावं.